घुम्या मुलींचा इतिहास

आपल्या मराठी भाषेंत एका विशिष्ट प्रकारच्या मुलीला लावण्याजोग्या शब्दांची वानवा कधींच नव्हती. पाहुणे आले असतां माजघराच्या कोपऱ्यांत जाऊन बसणारी ती घुमी. इतर मुलींत न मिसळतां एकाच गोष्टीच्या नादीं लागणारी ती एककल्ली. विचारल्या प्रश्नाचें जरा जास्तच खरें उत्तर देणारी ती फटकळ. कोणी कौतुकानें गालाला हात लावला कीं अंग चोरणारी ती माणूसघाणी. आणि एवढें सर्व असून पुन्हां अभ्यासांत हुशार निघाली तर ती शिष्ट. हे शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों आणि, कबूल केलें पाहिजे कीं, प्रसंगीं वापरीतहि आलों आहों. यांतील प्रत्येक शब्द स्वभावाला लावलेला आहे. म्हणजे मुलीनें मनावर घेतलें तर हा दोष तिला टाकतां येईल, असा त्यांत गर्भित आरोप आहे. ज्यांना हे शब्द लागले त्या सर्वांची नव्हे, पण कांहींजणींची मूळ घडणच निराळी होती, हें कळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. आणि कळल्यानंतरहि तें मान्य होण्यास त्या शतकाचा बहुतेक भाग खर्ची पडला. या घडणीला शास्त्रांत ऑटिझम व मराठींत स्वमग्नता म्हणतात.

स्वमग्नता हा शब्द आम्हांस फारसा रुचत नाहीं. मूळ 'ऑटिझम' हा शब्द स्वित्झर्लंडमधील मानसरोगवैद्य ओइगेन ब्लॉयलर यांनीं १९११ च्या सुमारास प्रचारांत आणला तो स्किझोफ्रेनिया या निराळ्याच विकाराच्या वर्णनासाठीं. जगाकडे पाठ फिरवून रोगी आपल्याच कल्पनांत बुडून जातो, हा त्याचा भाव. पुढें हा शब्द ज्या मुलांना लागला तीं केवळ स्वतःतच बुडालेलीं असतात, असें म्हणणें म्हणजे अर्धें सत्य होय. उलट बाहेरचें जग त्यांच्यावर इतरांपेक्षां अधिक जोरानें आदळतें. लग्नघरांतील वाजंत्री, ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, नव्या कापडाची खळ, फोडणीचा वास, यांपैकीं कशानेंहि जीव नकोसा होतो. माणसाच्या चेहऱ्यावर व आवाजांत न बोललेलें जें कांहीं असतें, तें वाचणें जड जातें. ठरलेला क्रम मोडला कीं मन कासावीस होतें. आणि एखाद्या विषयांत शिरलें कीं तें तेथेंच तासन्‌तास रमतें. कोणास वाचा मुळींच फुटत नाहीं, तर कोणी ग्रंथ लिहितात. हा संगोपनाचा दोष नव्हे. मेंदूच्या वाढीची ही एक जन्मजात तऱ्हा आहे आणि तींत अनुवंशाचा वाटा मोठा आहे, एवढें आज निश्चित झालेलें आहे. असो. शब्द रूढ झाला आहे, तेव्हां तोच वापरणें भाग आहे.

या विषयाचा जो इतिहास सामान्यतः सांगितला जातो, त्यांत दोन पुरुष डॉक्टर आहेत व पुष्कळसे मुलगे आहेत. स्त्री दिसते ती कोणाची तरी आई म्हणून. आमचें म्हणणें असें कीं, ती पहिल्या पानापासून त्यांत आहे. कागदोपत्रीं तिची नोंद झालेली आहे. मात्र ती नोंद कोणी वाचली नाहीं. आणि पुढें जेव्हां जगानें तिला जवळ केलें, तेव्हां बहुधा तिला नव्हे, तर तिनें मोठ्या कष्टानें वठविलेल्या सोंगाला जवळ केलें.

पहिलें पान उघडतें तें मॉस्को शहरांत. ग्रुन्या सुखारेवा या १८९१ सालीं जन्मलेल्या बालमानसरोगतज्ज्ञ बाई. त्यांनीं १९२५ सालीं रशियन भाषेंत व पुढील वर्षीं जर्मन भाषेंत सहा मुलग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. एकांताची आवड, गोंगाटाचा त्रास, चालण्याबोलण्यांतील अवघडलेपणा, एकाच छंदाची अनावर ओढ. आज कोणताहि जाणता डॉक्टर तें वर्णन वाचून मुलांचें निदान सांगूं शकेल. बाई तेथेंच थांबल्या नाहींत. १९२७ सालीं त्यांनीं अशाच घडणीच्या मुलींवर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि मुलग्यांत व मुलींत हें चित्र कोठें वेगळें दिसतें याची चिकित्सा केली. म्हणजे ज्या प्रश्नावर आज विद्वानांच्या परिषदा भरतात, तो प्रश्न एका स्त्रीनें शंभर वर्षांपूर्वींच मांडून ठेवला होता. तिच्या वर्गीकरणाचें नांव मात्र निराळें होतें आणि पुढें युरोपांत जें घडलें त्यांत रशियन विदुषीचा निबंध शोधीत बसण्यास कोणाला सवड नव्हती. मुलग्यांवरील निबंध इंग्रजींत आणला सूला वुल्फ यांनीं, १९९६ सालीं, त्याहि स्त्रीच. मुलींवरील निबंध इंग्रजी वाचकांच्या हातीं पडला तो २०२० सालीं, त्र्याण्णव वर्षांनीं. मुलग्यांना सत्तर वर्षें थांबावें लागलें, मुलींना त्याहून तेवीस अधिक!

दुसरें पान व्हिएन्ना येथील विद्यापीठाच्या बालरुग्णालयांतलें आहे. हान्स आस्पर्गर यांनीं १९४४ सालीं आपला सुप्रसिद्ध प्रबंध छापला, त्यांत चार मुलग्यांचें विस्तृत वर्णन आहे. ही घडण म्हणजे पुरुषी बुद्धीचें टोंकाला गेलेलें रूप असावें, असा त्यांचा तर्क होता. पूर्ण लक्षणें असलेली एकहि मुलगी आपण पाहिली नाहीं, असें ते स्पष्ट लिहितात. परंतु त्याच प्रबंधांत ते आणखी एक गोष्ट नमूद करतात, आणि ती आमच्या मतें साऱ्या प्रबंधांत अधिक महत्त्वाची आहे. या मुलांच्या कित्येक मातांचें वागणें आपणांस तशाच तऱ्हेचें दिसलें, असें ते सांगतात. स्त्रियांत ही लक्षणें वयांत आल्यानंतर प्रकट होत असतील काय, अशी शंकाहि काढतात, आणि पुढें जातात. पूर्ण लक्षणांची मुलगी त्यांस सांपडली नाहीं, कारण तिचा शोध ते मुलांच्या रांगेंत करीत होते. ती मोठी होऊन, लग्न करून, मुलाचा हात धरून त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसली होती.

आस्पर्गरांचें नांव घेतल्यावर त्या काळाची काळी बाजू टाळतां येत नाहीं. २०१८ सालीं इतिहाससंशोधक हेर्विग चेक यांनीं व्हिएन्ना येथील दप्तरें तपासून असें दाखविलें कीं, नाझी राजवटींत 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेकडे मुलें धाडण्यांत आस्पर्गरांचाहि हात होता. या संस्थेंत सुमारें ८०० मुलें मारलीं गेलीं किंवा मरूं दिलीं गेलीं. १९४१ सालीं त्यांनीं तेथें पाठविण्याची शिफारस केलेली एक मुलगी पुरतीं तीन वर्षांचीहि नव्हती. ती स्वमग्न नव्हती, मेंदूच्या आजारानें पंगु झाली होती. घरीं ती आईला असह्य भार होत असणार, हें कारण कागदावर लिहिलेलें आहे. दोन महिन्यांच्या आसपास ती मेली. वेगळ्या घडणीच्या मुलाचा स्वीकार किंवा अव्हेर हा तेथें शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता, जीवनमरणाचा होता, एवढें ध्यानांत ठेवून पुढें जाऊं.

तिकडे अमेरिकेंत, बाल्टिमोर शहरीं, लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचा वृत्तांत छापला होता. आठ मुलगे व तीन मुली. त्या तिघींपैकीं एक कॅनरांच्या हातीं येण्यापूर्वींच कित्येक वर्षें मंदबुद्धि मुलांच्या सरकारी संस्थेंत राहात होती. ती बहिरी व मतिमंद आहे असा सर्वांचा समज. एस्थर रिचर्ड्‌स नांवाच्या डॉक्टरीणबाईंनीं तिला बारकाईनें पाहून लिहून ठेवलें होतें कीं, मुलगी बहिरीहि नाहीं व मंदहि नाहीं, ती तेथील इतर कोणाहि मुलासारखी नाहीं. येथेंहि ओळखणारी स्त्रीच होती, आणि ओळखून उपयोग झाला नाहीं, हेंहि तेंच.

अठ्ठावीस वर्षांनीं, १९७१ सालीं, कॅनरांनीं त्या अकरा जणांचें पुढें काय झालें याचा शोध घेतला. पहिला रुग्ण डॉनल्ड हा मिसिसिपीमधील एका शेतकरी जोडप्याकडे कांहीं वर्षें राहिला होता. त्याला मोजण्याचा नाद होता, म्हणून त्या शहाण्या माणसांनीं त्याच्याकडून नांगरतांना मक्याच्या ओळी मोजवून घेतल्या. तो पुढें पदवीधर झाला, बँकेंत नोकरीला लागला, गोल्फ खेळूं लागला आणि २०२३ सालीं, वयाच्या नव्वदीच्या घरांत, आपल्याच गांवीं वारला. गांवानें त्याला शेवटपर्यंत सांभाळलें. दुसरा एक मुलगाहि कामधंद्याला लागला होता. तिन्ही मुली मात्र १९७१ मध्यें सरकारी रुग्णालयांत सांपडल्या. मुलग्यांपैकींहि कांहींचे हालच झाले होते. तेव्हां तीन मुलींवरून सिद्धांत उभा करणें योग्य नव्हे, आणि आम्ही तो करीतहि नाहीं. परंतु त्या शेतकऱ्याचें शेत ज्याला मिळालें तो मुलगा होता, एवढें मनांतून जात नाहीं.

या मधल्या काळांत स्त्रीला इतिहासांत प्रवेश मिळाला तो आरोपी म्हणून. आईबापांच्या, विशेषतः शिकलेल्या आयांच्या, थंड वागणुकीनें मूल असें होतें, ही कल्पना कॅनरांच्या १९४९ च्या लेखांतून डोकावूं लागली आणि ब्रूनो बेटेलहाइम यांनीं १९६७ सालच्या पुस्तकांत तिला भयंकर रूप दिलें. आईच्या मायेला बर्फाच्या पेटीची उपमा देण्यांत आली. कित्येक आया आपल्या पोटच्या मुलापासून उपचार म्हणून दूर केल्या गेल्या. बर्नार्ड रिमलंड या स्वतः बाप असलेल्या शास्त्रज्ञानें १९६४ सालीं या मताचें खंडन केलें व १९६९ सालीं खुद्द कॅनरांनीं पालकांच्या सभेंत उभें राहून त्यांना दोषमुक्त ठरविलें. दोषमुक्ति सभेंत झाली. पण शेजारणींच्या नजरेंतून ती व्हावयास किती काळ लागतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आपल्याकडे अजूनहि, 'आई नोकरी करते, म्हणून मूल बोलत नाहीं,' असें म्हणणारे लोक आहेतच.

या आरोपाला दोन आयांनीं कृतीनें उत्तर दिलें. अमेरिकेंतील क्लॅरा पार्क यांनीं आपल्या मुलीच्या पहिल्या आठ वर्षांचा वृत्तांत १९६७ सालींच पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. ही मुलगी पुढें चित्रकार झाली. मुलगी स्वमग्न असूं शकते हें सामान्य वाचकांस त्या पुस्तकानें प्रथम पटविलें असावें. इंग्लंडांतील लॉर्ना विंग या स्वतः डॉक्टर आणि स्वमग्न मुलीची आई. १९६२ सालीं लंडनमध्यें पालकांची जी संस्था निघाली तिच्या संस्थापकांत त्या होत्या. जूडिथ गूल्ड यांच्यासह त्यांनीं लंडनच्या कँबरवेल भागांतील मुलांची पाहणी करून १९७९ सालीं दाखविलें कीं, स्वमग्नता ही एक पेटी नसून पट आहे. आणि १९८१ सालीं आस्पर्गरांचा विस्मृत प्रबंध त्यांनींच इंग्रजी जगासमोर ठेवला. एवढें करूनहि मुली मोजल्या गेल्या त्या थोड्याच. कारण मोजण्याचीं मापें मुलग्यांवरून घेतलेलीं. आगगाडीचीं वेळापत्रकें पाठ करणारा मुलगा डोळ्यांत भरतो. घोड्यांवरील किंवा एकाच कादंबरीकारावरील यच्चयावत् पुस्तकें पुनःपुन्हां वाचणारी मुलगी 'वाचनाची आवड असलेली' ठरते.

आतांपर्यंत जे जे लिहिलें तें स्वमग्न मुलींविषयीं दुसऱ्यांनीं लिहिलें. १९८६ सालीं हा क्रम मोडला. टेंपल ग्रँडिन या बाईंचें आत्मकथन त्या वर्षीं प्रसिद्ध झालें. त्यांचा जन्म बॉस्टन शहरीं १९४७ सालचा. साडेतीन वर्षांपर्यंत त्यांना बोलतां येत नव्हतें. मुलीला संस्थेंत ठेवा, असा सल्ला मिळाला असतां आईनें तो मानला नाहीं. पुढें एका नातलगबाईंच्या ॲरिझोनांतील कुरणावर त्यांनीं गुरांना टोंचतांना उभीं करतात तो खोडा पाहिला. दोन्ही बाजूंनीं फळ्यांचा दाब बसतांच बिथरलेलें जनावर शांत होतें, हें पाहून त्या स्वतःच त्यांत शिरल्या! माणसाची मिठी ज्या मुलीला असह्य होत असे, तिला त्या लांकडी मिठींत प्रथमच स्वस्थता लाभली. त्यांनीं स्वतःसाठीं तसें एक यंत्र बनविलें, तेव्हां मानसशास्त्रज्ञांनीं त्यांत नाना विकृत अर्थ पाहिले व तें काढून घेण्याचा घाट घातला. एका शिक्षकानें मात्र, दाबानें मन शांत कां होतें तें शास्त्र शिकून शोधून काढ, असें सांगितलें. त्या सल्ल्याचें फळ असें कीं, १९८९ सालीं बाई पशुविज्ञानांत डॉक्टरेट झाल्या व पुढें कोलोरॅडो येथें प्राध्यापक. अमेरिकेंतील कत्तलखान्यांत जनावरांस नेण्याच्या ज्या वाटा आज आहेत, त्यांपैकीं पुष्कळ त्यांच्या नकाशाबरहुकूम बांधलेल्या आहेत.

हें यशाचें आख्यान सर्वत्र सांगितलें जातें. आम्हांस त्यांतील दोन बारकावे अधिक बोलके वाटतात. एक असा कीं, गुरांच्या धंद्यांतील पुरुषांनीं त्यांना हुसकावून लावण्यासाठीं ज्या खोड्या केल्या त्यांचें वर्णन या पानांवर करणें प्रशस्त नाहीं. आणि त्या धंद्यांत आपल्या ऑटिझमपेक्षां आपलें स्त्री असणें अधिक आड आलें, असें बाईंनीं स्वतः सांगितलें आहे. दुसरा असा कीं, बोलण्याचालण्यानें आपण कोणाला जिंकूं शकणार नाहीं हें ओळखून त्यांनीं स्वतःला पुढें करण्याचें सोडून दिलें आणि फक्त आपले नकाशे दाखवावयास सुरवात केली. नकाशा पाहून माणूस कामाला लावला जाई. हा स्वीकार खरा कीं खोटा? खोटा म्हणवत नाहीं. पण तो कसबाचा स्वीकार होता. जिच्या हातीं असा नकाशा नाहीं तिनें काय दाखवावें, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. शिवाय त्यांचें पुस्तक आलें तेव्हां शास्त्रज्ञांची पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. स्वमग्न मनाला स्वतःकडे पाहतांच येत नाहीं, हा सिद्धांत. तेव्हां हें दुसऱ्या कोणीं तरी लिहिलें असणार! ऑलिव्हर सॅक्स यांच्यासारख्या सहृदय वैद्यानेंहि आपणांस आधीं संशय आला होता हें मोकळेपणानें लिहिलें आहे. पुढें ते स्वतः जाऊन त्यांना भेटले व १९९३ सालीं त्यांच्यावर तो प्रसिद्ध निबंध लिहिला.

ग्रँडिनबाईंजवळ दाखविण्यास नकाशे होते. ऑस्ट्रेलियांतील डॉना विल्यम्स यांच्याजवळ दाखविण्यास फक्त स्वतः त्या होत्या, आणि म्हणून त्यांनीं दुसऱ्याच दोघांना घडविलें. १९६३ सालीं मेलबर्न येथें जन्मलेल्या या बाईंचें आत्मचरित्र १९९२ सालीं निघालें. लहानपणीं बागेंत एक हंसरी, बोलकी मुलगी त्यांना क्षणभर भेटली. तिचें नांव कॅरल. डॉनानें तें नांव, तें हंसणें, ती मान हलविण्याची लकब घेतली आणि जगासमोर कॅरल होऊन वावरूं लागली. दुसरा मुखवटा विली नांवाचा, कठोर, हजरजबाबी, पाठांतराच्या जोरावर वाद जिंकणारा. घरीं छळ होत असे, बाहेर कॅरल सर्वांना आवडे. कॅरल नोकरी मिळवी, कॅरलला मित्र मिळत. डॉना मात्र आंत कोठें तरी दूर उभी असे. आपण काय आहोंत याचें नांव तिला पंचविशी उलटल्यावर कळलें.

आपल्याकडे बहुरूपी दारीं येतो, सोंग वठवितो, बिदागी घेतो आणि संध्याकाळीं रंग धुऊन घरीं जातो. या बहुरूपिणीला रंग धुण्याची मुभा नव्हती, कारण बिदागी म्हणून मिळत होतें तें सारें, म्हणजे प्रेम, घर, पोटापाण्याचें काम, कॅरलच्या नांवानें मिळत होतें. विल्यम्सबाई २०१७ सालीं वारल्या. त्यांच्या पुस्तकाबद्दल, तो अनुभव खरा स्वमग्नतेचा कीं दुसऱ्या कशाचा, असा वाद पुष्कळ झाला. परंतु त्यानंतर शेंकडों स्त्रियांनीं आपापल्या कॅरलची हकीकत सांगितली, हें त्या वादाचें पुरेसें उत्तर आहे, असें आम्ही समजतों.

ही एकेकटी कैफियत मागणींत कशी रूपांतरित झाली तें थोडक्यांत सांगतों. १९९२ सालीं जिम सिंक्लेर, कॅथी लिस्नर व ह्याच डॉना विल्यम्स यांनीं स्वमग्न माणसांचीच अशी एक संस्था काढली. पुढील वर्षीं टोरोंटो येथील परिषदेंत सिंक्लेर यांनीं पालकांस विनविलें कीं, आमच्यासाठीं शोक करूं नका. ज्याचा शोक करतां तें मूल कधीं नव्हतेंच, आणि जें आहे तें तुमची वाट पाहात आहे. १९९८ सालीं सिडनी येथें जूडी सिंगर यांनीं आपल्या प्रबंधांत मेंदूंच्या विविधतेची कल्पना मांडली. सृष्टींत जशी जीवांची विविधता, तशी मनुष्यांत मेंदूंची. ही कल्पना त्यांना ग्रंथांतून सुचली नाहीं. आधीं मुलीचें निदान झालें, मग आपल्या आईचें आयुष्यभराचें विचित्र वागणें डोळ्यांपुढें आलें, आणि शेवटीं स्वतःचें. आजी, आई, नात. संयुक्त राष्ट्रांनीं २००८ पासून २ एप्रिल हा दिवस ऑटिझमच्या जाणिवेचा म्हणून पाळावयास घेतला, तेव्हां पॉला डर्बिन-वेस्टबी या स्वमग्न बाईंनीं २०११ सालीं 'स्वीकाराचा दिवस' सुरू केला. जाणीव सापाचीहि असते. म्हणून हा शब्दाचा भेद क्षुल्लक नव्हे.

शास्त्रानेंहि यथावकाश गांठलें. मुलगे चार तर मुलगी एक, असें प्रमाण पूर्वी सांगत. २०१७ सालीं अनेक पाहण्या एकत्र तोलून तें तिनास एक याच्या आसपास असल्याचें निघालें, आणि मुलींचें निदान राहून जातें हेंहि. त्याच्या आदल्या वर्षीं लंडनमधील संशोधकांनीं उशिरा निदान झालेल्या चौदा स्त्रियांच्या मुलाखती छापल्या. त्यांतील बहुतेकींनीं मुखवट्याची गोष्ट सांगितली, आणि त्याबरोबर सततच्या थकव्याची. दुसऱ्याला रुचेल तें करण्याची संवय इतकी अंगवळणी पडलेली कीं, नको तेथें 'नको' म्हणतां आलें नाहीं. बऱ्याच जणींवर त्यामुळें अत्याचाराचे प्रसंग आले. त्याच वर्षीं स्वीडनमध्यें मोठी मोजणी झाली, तींत मृत्यु पावलेल्या स्वमग्न व्यक्तींचें सरासरी वय सुमारें ५४ भरलें व इतरांचें ७०. ज्यांची बुद्धि उत्तम त्यांच्यांत आत्महत्येचें प्रमाण लक्षणीय निघालें. सोंग चांगलें वठलें म्हणजे सारें ठीक झालें, असें समजणाऱ्यांनीं हे आंकडे पाहावेत.

आपल्या देशांत १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत ऑटिझमचें नांव नव्हतें. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत तें प्रथम आलें व २०१६ च्या कायद्यानें तें पूर्णपणें मान्य झालें. दिल्लीस १९९१ सालीं मेरी बरुआ या आईनें संस्था काढून पाया घातला. मुंबई-पुण्याकडेहि आतां शाळा व उपचारकेंद्रें आहेत. परंतु दाखला मिळतो तो बहुधा न बोलणाऱ्या मुलाला. घुमी मुलगी येथें युरोपापेक्षांहि अधिक सुरक्षितपणें लपते, कारण ज्या गोष्टी तिकडच्या डॉक्टरांना लक्षणें वाटतात त्या आपल्याकडे सद्‌गुण आहेत. मुलगी डोळ्याला डोळा भिडवीत नाहीं; हा विनय. मोजकें बोलते, हें वळण. मैत्रिणींचा घोळका नाहीं. हें तर उत्तमच. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांत ती पढविल्याप्रमाणें चार उत्तरें देते आणि पसंत पडते.

पंचाईत सुरू होते ती नंतर. माहेरच्या घरांतील भांड्यांची जागा, झोपण्याचा कोपरा, दिवसाचा क्रम, हें तिनें वीस-बावीस वर्षें जुळवून आणलेलें असतें. तें सारें एका दिवसांत सुटतें. सासरीं नियम शेंकडों आणि सांगितलेला एकहि नाहीं. सासूबाई 'राहूं दे, मी करतें' म्हणाल्या तर खरोखरच राहूं द्यावयाचें नसतें, हें तिला कोणीं शिकविलेलें नसतें. ती राहूं देते. हळदीकुंकवाच्या गर्दींत तिचे कान फुटावयाची वेळ येते, म्हणून ती मागच्या दारीं जाऊन उभी राहते, आणि घराण्याचें नांव जातें. मग पुन्हां तेच आपले जुने शब्द: घुमी, तुसडी, माणूसघाणी. माहेरीं बोलावून आई समजावते, जरा हंसत जा, जरा मिसळत जा. ती शिकते. शेजारच्या जाऊबाईंचें हंसणें, त्यांची पदर सांवरण्याची व 'अय्या' म्हणण्याची तऱ्हा ती उचलते. दोन-चार वर्षांत सर्वजण म्हणतात, आतां हिचा स्वभाव निवळला. रात्रीं मोरीचें दार लावून ती अर्धा तास अंधारांत कां बसते, हें मात्र कोणीं विचारीत नाहीं.

आणि मग पुष्कळदां असें होतें कीं तिला मूल होतें, तें शाळेंत जाऊं लागतें, आणि बाईंची चिठ्ठी येते. उपचारकेंद्राच्या बाहेरच्या बांकावर बसून ती मुलाविषयींची प्रश्नावली भरूं लागते. मोठ्या आवाजाचा त्रास होतो काय? खेळण्यांची रांग मोडली तर रडतो काय? नजर टाळतो काय? पहिल्या पानावर ती भराभर खुणा करीत जाते. दुसऱ्या पानावर तिची लेखणी थांबते, कारण आतां जीं उत्तरें सुचत आहेत तीं मुलाचीं नाहींत. आंतून नांव पुकारलें जातें. डॉक्टरांपुढें दोन खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि डॉक्टर मुलाकडे पाहूं लागतात.